पकडलेला वायू ठेवायचा कोठे?

अलिबागच्या उत्तरेस, खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांच्या समोर थळ हे गाव आहे. १९८० च्या दशकात येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना उभा राहिला. कोळशावरील जुन्या वीजकेंद्रांना कार्बन डायऑक्साइड पकडणारी यंत्रणा जोडावी, हा विचार आज जगभर मांडला जात आहे. त्याचे बळ आणि त्याची मर्यादा, दोन्ही थळच्या उदाहरणावरून ध्यानात येतात.

नैसर्गिक वायूपासून अमोनिया तयार करताना कार्बन डायऑक्साइड वेगळा काढावाच लागतो. रासायनिक द्रावण तो शोषून घेते. पुढे मोकळा केलेला हा वायू अमोनियाशी संयोग पावून युरिया होतो. एक टन युरियासाठी तो सुमारे ७३० किलो लागतो. म्हणजे वायू पकडण्याची विद्या नवी नाही.

वीजकेंद्राची गोष्ट निराळी. चिमणीतील धुरात हा वायू जेमतेम १२ ते १५ टक्के असतो. सोबत राख आणि गंधकाची संयुगे असतात. द्रावणातून वायू सोडवण्यासाठी लागणारी वाफ टर्बाइनच्या वाट्यातून काढावी लागते, त्यामुळे विजेचे उत्पादन घटते. कॅनडातील बाउंडरी डॅम केंद्राच्या एका संचाला २०१४ मध्ये अशी यंत्रणा जोडण्यात आली. आपल्याकडे एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रात २०२२ मध्ये दिवसाला २० टन वायू पकडणारा प्रकल्प सुरू झाला. ५०० मेगावॅटचा एकच संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला १० हजार टनांहून अधिक वायू सोडतो!

शिवाय उपयोग म्हणजे साठवण नव्हे. शेतात पडलेला युरिया थोड्याच दिवसांत विघटित होतो आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत जातो. कायमचा ठेवा खडकातच शक्य आहे. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूपैकी सुमारे ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगडरूप झाला. सह्याद्रीचा कातळही बेसाल्टच आहे. मात्र तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा असून त्याच्या अनेक पोकळ्या खनिजांनी भरलेल्या आहेत; शिवाय या पद्धतीत एक टन वायूमागे २० टनांहून अधिक पाणी लागते.

अलिबाग परिसरातील खारभूमीचा शेतकरी बांध घालून समुद्र थोपवीत आला आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढेल, तसा समुद्र चढेल आणि त्या बांधावरचा भार वाढेल. म्हणून वायू किती पकडला, एवढेच विचारून भागणार नाही. तो कोठे ठेवला आणि मुळात कोळसा किती कमी जाळला, हेही विचारले पाहिजे.