चिलमीची छापी आणि पाइपातले पाणी

तंबाखू जळते तेव्हा धुराबरोबर पाणीही तयार होते. पानातला मूळचा ओलावा वाफ होऊन बाहेर पडतोच. शिवाय पानातल्या हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन नवे पाणी बनते. त्यामुळे तंबाखू कितीही कडक वाळवली तरी तिचा धूर पुरता कोरडा कधीच नसतो. विस्तवाजवळ हे पाणी वाफेच्या रूपात असते. गार नळीत शिरले की त्याचे थेंब होतात आणि त्यांत डांबर व निकोटीन मिसळून तपकिरी, कडूजहर रस तयार होतो. हा रस तोंडात येऊ नये म्हणून चिलीम ओढणाऱ्यांनी एक उपाय काढला आणि पाइप ओढणाऱ्यांनी दुसरा.

चिलमीवरचा उपाय म्हणजे छापी. चिलीम ही मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी नळी. तंबाखू खाली घसरू नये म्हणून तिच्या आत एक खडा टाकतात, वर तंबाखू भरतात आणि तिच्यावर विस्तव ठेवतात. खालच्या टोकाला फडक्याचा ओला तुकडा गुंडाळतात, तीच छापी. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’च्या पाचव्या अध्यायात तिचा ठळक उल्लेख आहे. धूपखेड्याचा चांद पाटील हरवलेली घोडी शोधत फिरत असताना झाडाखाली बसलेला एक फकीर त्याला चिलीम ओढायला बोलावतो. चिलीम, तंबाखू सगळे तयार असते. नसतो तो विस्तव आणि छापी भिजवायला पाणी. फकीर चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढतो, सटका म्हणजे हातातली आखूड काठी आपटून पाणी काढतो, छापी भिजवून पिळतो आणि चिलमीला गुंडाळतो. हा फकीर म्हणजेच पुढे शिर्डीत राहिलेले साईबाबा. चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडला, तरी चिलमीला विस्तवाइतकीच पाण्याचीही गरज असते, हे या कथेने अचूक टिपले आहे. बाबांच्या वापरातील चिलीम शिर्डीला दीक्षित वाड्यातल्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

छापी भिजवून पिळायची, यातले पिळणे महत्त्वाचे. फडके निथळत असेल तर त्याची छिद्रे पाण्याने बुजतात, धूर ओढला जात नाही आणि पाणी तोंडात येते. फडके कोरडे असेल तर गरम धूर थेट घशाला लागतो आणि राखेचे कण आत जातात. नुसत्या ओलसर फडक्यातून जाताना मात्र धूर गार होतो, वाफेचे पाणी धाग्यांवर जमते आणि डांबराचा काही अंश तिथेच चिकटतो. वापरलेली छापी पिवळट-तपकिरी दिसते ती त्यामुळेच. ती दर वेळी धुवावी लागते. न धुता वाळवलेली छापी पुढच्या खेपेस अधिकच कडू लागते. चिलमीची मातीसुद्धा सच्छिद्र असते आणि ओलावा शोषून घेते. कालांतराने ही छिद्रे डांबराने भरतात. अशी चिलीम पुन्हा विस्तवात भाजली की डांबर जळून जाते. लाकडी पाइपच्या बाबतीत ही सोय नाही.

जळताना बनणाऱ्या पाण्याखेरीज ओलाव्याचा दुसरा उगम म्हणजे तंबाखू स्वतः. ती हवेतला दमटपणा शोषते आणि कोरड्या हवेत तो सोडूनही देते. शिर्डी ज्या जिल्ह्यात आहे त्या अहिल्यानगर जिल्ह्यात हा फरक चांगलाच जाणवावा असा आहे. कर्जत, जामखेड, पारनेर हे पर्जन्यछायेतले तालुके. तिथे उन्हाळ्यात उघड्यावर राहिलेल्या तंबाखूचा भुगा होतो. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, घाटघर-रतनवाडीकडे, पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस पडतो आणि उघडी तंबाखू लिबलिबीत होते. ओली तंबाखू नीट पेटत नाही, म्हणून माणूस जोरात झुरके घेतो. त्याने ती जास्त तापते आणि वाफही वाढते. फार कोरडी तंबाखू भरभर जळते आणि जीभ भाजते. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा न होता हळूहळू मोकळी होणारी तंबाखू योग्य मानतात.

युरोपी पाइप बहुधा ब्रायर या भूमध्यसागरी झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीपासून करतात. त्यात पाणी साचले की झुरक्याबरोबर गुडगुड आवाज येतो. अशा वेळी तोंडाकडून पाइप क्लीनर घालून पाणी टिपून घ्यायचे. पाइप गरम असताना दांडी उपसून काढली तर सांधा सैल होतो किंवा तडकतो. ओढून झाल्यावर लाकूड वाळायला निदान एक दिवस पाइपला विश्रांती देतात. डब्लिनच्या पीटरसन कंपनीने तर 1890 च्या सुमारास पाणी साठवण्यासाठी पाइपमध्येच एक खोलगट जागा ठेवली. नंतर फिल्टर आले. युरोपात 9 मिलिमीटर जाडीचे, सक्रिय कोळशाचे फिल्टर रूढ आहेत. काही पाइपना 6 मिलिमीटरचे, कागदाचे किंवा बाल्सा लाकडाचे लागतात. बाल्सा मुख्यतः पाणी शोषतो, तर कोळसा काही वायुरूप पदार्थही धरून ठेवतो. ओला झालेला फिल्टर धूर अडवू लागतो, म्हणून तो एकदाच वापरून टाकतात. काही शौकिनांना फिल्टर मुळीच नको असतो, कारण त्याने चव मवाळ होते. ते तंबाखू आधी थोडी वाळवतात आणि सावकाश ओढतात. खरे तर सावकाश ओढण्याइतका गुणकारी फिल्टर दुसरा नाही.

फडके, कोळसा किंवा गुडगुडीतले पाणी यांनी धूर मऊ होतो, निर्धोक होत नाही. कार्बन मोनॉक्साइड ओल्या फडक्यातून जवळजवळ जसाच्या तसा पार होतो, पाण्यातही फारसा विरघळत नाही आणि कोळशालाही तो धरता येत नाही. डांबराचा काही अंशच अडकतो, बाकीचे फुप्फुसांत उतरते. धूर घशाला न बोचल्यामुळे झुरका खोल घेतला जातो, हा वेगळाच धोका. पाइपचा धूर छातीत न घेता तोंडात घोळवून सोडणाऱ्यांनाही तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका असतो. गावच्या पारावर एकच चिलीम हातोहात फिरते तेव्हा तिच्याबरोबर तीच ओली छापीही एका ओठावरून दुसऱ्या ओठावर जाते आणि लाळेतून पसरणाऱ्या रोगांना आयती वाट मिळते.