नाळ कधी पडली?

बेल्हे गावात सोमवारी बाजार भरतो. सकाळपासून टेम्पोतून बैल उतरतात. घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो: दोन दाती, चार दाती की जुळलेला. मग पाठीवरून हात फिरवतो, दहा पावलं चालवून बघतो आणि विचारतो, “गाय कुणाची? घरची का?” घराण्याची चौकशी झाल्याशिवाय कुणी इसार देत नाही.

त्याच बाजाराला आलेल्या एखाद्या आजीला नातवंडं किती म्हणून विचारावं. ती बोटांवर मोजते आणि एक बोट मिटून घेते. “एक टिकलं नाही.” त्यापुढे कुणी विचारत नाही. जुनं दुःख उकरू नये म्हणून आपण गप्प बसतो, आणि ते माणुसकीला धरूनच आहे. पण वैद्यकीय संशोधनाच्या एका शाखेचं काम नेमकं या तीन शब्दांपासून सुरू होतं. ते बाळ कितव्या महिन्यात गेलं? मुलगा होता की मुलगी? कशाने गेलं? आणि त्याची नाळ कधी पडली?

पू न होणारी जखम

बाळाची नाळ साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत वाळून पडते. ती सुटून यायला तिथे पांढऱ्या पेशी जमाव्या लागतात. काही मोजक्या बाळांत मात्र तीन-चार आठवडे उलटले तरी नाळ तशीच राहते, बेंबी ओली आणि लाल होते. पुढे हिरड्या सुजतात, कातडीवर जखमा होतात, पण जखमेत पू धरत नाही. घरच्यांना ते चांगलं लक्षण वाटतं. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. या बाळांत त्या जखमेपर्यंत पोहोचतच नाहीत. रक्तात त्यांची गर्दी असते, रिपोर्टात आकडा फुगलेला दिसतो. पण रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडायला जे प्रथिन लागतं, तेच तयार होत नाही. या विकाराचं नाव ल्युकोसाइट ॲड्हिजन डेफिशियन्सी, थोडक्यात एलएडी. तो आईबापांकडून येतो आणि त्याचा तीव्र प्रकार वेळेत उपचार न झाल्यास बहुतेकदा पहिल्या एक-दोन वर्षांतच जीव घेतो.

बेल्ह्याहून आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण करत रस्ता मुंबईला जातो. तिथे परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. डॉ. मनीषा मडकईकर यांनी या संस्थेत जन्मजात प्रतिकारशक्तीच्या विकारांवर अनेक वर्षं काम उभं केलं आणि संस्थेचं संचालकपदही सांभाळलं. देशभरच्या डॉक्टरांकडून आलेल्या शंभराहून अधिक एलएडी रुग्णांचा अभ्यास त्यांच्या गटाने 2020 साली प्रसिद्ध केला. ‘आमच्याकडे असले आजार नसतात’ हा समज अशा कामाने मोडला. मुलं होती. त्यांच्या आजाराला नाव देणारं कुणी नव्हतं.

तपासणीला बाळाचं एक-दोन मिलिलिटर रक्त पुरतं. पेशींवरच्या ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा, त्यालाच चिकटणारा चमकता रंग रक्तात मिसळतात. मग फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रात एकेक पेशी रांगेने लेझरच्या झोतासमोरून जाते. प्रथिन असेल तर पेशी उजळते. एलएडीच्या बाळात हजारो पेशी पुढून जातात आणि उजळत नाहीत. आईबापांना वर्षानुवर्षं न मिळालेलं उत्तर काही तासांत पडद्यावर दिसतं. नेमक्या कोणत्या जनुकात चूक आहे, ते पुढच्या तपासणीत कळतं.

या संस्थेचा इतिहासही याच धाग्यात गुंफलेला आहे. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक अनोखा रक्तगट जगापुढे आणला. तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. 1957 साली सुरू झालेलं रक्तगट संदर्भ केंद्र पुढे वाढत आजची ही संस्था झालं. त्यानंतर 1992 साली इस्रायलमधल्या दोन मुलांत एलएडीचा दुसरा, अतिदुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या मुलांचा रक्तगट निघाला बॉम्बे! फ्युकोज नावाची एक साखर पेशीत जागेवर न पोहोचल्याने रक्तगटही बदलतो आणि पांढऱ्या पेशीची पकडही सुटते.

कर्करोगाशी नातं

प्रतिकारशक्ती जंतूंशी लढते, तशीच ती बिघडलेल्या पेशींवरही नजर ठेवते. म्हणून जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या काही मुलांत रक्ताचा किंवा लसिकाग्रंथींचा कर्करोग अधिक आढळतो. अमेरिकेतला डेव्हिड व्हेटर हा मुलगा 1971 साली प्रतिकारशक्तीविना जन्मला आणि प्लॅस्टिकच्या निर्जंतुक कक्षात वाढला. बहिणीच्या अस्थिमज्जेचं रोपण केल्यावर त्या मज्जेतून एक सुप्त विषाणू त्याच्या शरीरात आला. निरोगी माणसात तो गुपचूप पडून राहतो. डेव्हिडमध्ये त्याने कर्करोग घडवला आणि 1984 साली, बाराव्या वर्षी तो गेला.

कर्करोगाकडे नेणारी दुसरी वाट आहे गुणसूत्रांच्या दुरुस्तीतल्या बिघाडाची. फॅन्कोनी ॲनिमियात मुलाचा अंगठा कधी लहान किंवा वाकडा असतो, उंची खुंटते, मग रक्त तयार होईनासं होतं आणि कर्करोगाचा धोका फार वाढतो. परळच्या याच संस्थेत डॉ. बाबू राव वुंदिंती यांच्या गटाने या आजारावर दीर्घकाळ काम केलं आहे. रक्तातल्या पेशी वाढवून त्यांत मायटोमायसिन-सी हे रसायन घालतात. निरोगी माणसाची गुणसूत्रं बऱ्यापैकी तग धरतात, या मुलांची तुटून विस्कटतात. हे आधी कळणं जीवनमरणाचं असतं, कारण नेहमीच्या मात्रेची केमोथेरपी किंवा रेडिएशन अशा मुलाला सोसत नाही. स्तनांच्या कर्करोगामुळे ज्याचं नाव सर्वांच्या कानावर आलं, ते बीआरसीए-2 जनुक याच दुरुस्तीच्या साखळीतलं. त्याची एक प्रत सदोष असेल तर मोठेपणी कर्करोगाचा धोका वाढतो, दोन्ही सदोष असतील तर बालपणीच फॅन्कोनी ॲनिमिया होतो.

सोयरीक आणि चारातलं एक

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत अनेक समाजांत आहे. घरचं माणूस घरात राहतं, जमीनजुमला सांभाळला जातो. या रीतीला नावं ठेवून काही साधत नाही, तिच्यातला हिशेब मात्र समजून घ्यावा. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुकं समान असतात. आजोबांकडून आलेली एक सदोष प्रत दोघांकडे असू शकते. दोघेही ठणठणीत असतात. अशा दोघांना मूल होताना दोन्ही सदोष प्रती एकत्र येण्याची शक्यता दर खेपेला चारात एक. ‘एक गेलं, आता पुढची तीन चांगली’ असं ते चालत नाही. प्रत्येक बाळंतपणाला फासा नव्याने पडतो.

काही विकार मात्र आईकडून मुलग्यांकडे जातात, तिथे नात्यातलं लग्न असावं लागत नाही. बाळाच्या आजोळी कुणी मामा लहानपणी गेला होता का, हा प्रश्न म्हणून विचारायचा. त्यात आईचा दोष काडीचाही नाही. घरात हे मोठ्याने सांगायला हवं, कारण बोल तिलाच लागतो.

बेल्ह्यात काय करता येईल

पुष्कळ काही. आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. एकविसाव्या दिवशी नाळ पडली नसेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. दर वेळी त्यामागे एलएडी निघेल असं नाही, पण ती शंका मनात यायला हवी.

वारंवार न्यूमोनिया, न थांबणारे जुलाब, वजन न वाढणारं तान्हं बाळ असेल तर रक्ताची साधी सीबीसी तपासणी पुरेशी बोलकी ठरते. रिपोर्टात लिम्फोसाइट, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, टक्क्यांत लिहिलेल्या असतात. एकूण पांढऱ्या पेशी सहा हजार आणि लिम्फोसाइट वीस टक्के, म्हणजे बाराशे. तान्ह्या बाळात हा आकडा तीन हजारांच्या खाली असेल तर पुढची तपासणी लगेच हवी. हा गुणाकार आळेफाट्याच्या दवाखान्यातही होतो.

आधीचं मूल पहिल्या वर्षात जंतुसंसर्गाने गेलं असेल, तर नव्या बाळाला बीसीजी टोचण्याआधी डॉक्टरांना ते सांगावं. प्रतिकारशक्तीच नसलेल्या बाळात त्या लशीतले जिवंत जंतू अंगभर पसरू शकतात. बाकी सगळ्या बाळांना लस वेळेवर द्यायचीच.

निदानानंतरची वाटही बंद नाही. अस्थिमज्जेच्या रोपणाने यांतले अनेक विकार बरे होतात. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरलेल्या केंद्रांत पात्र रुग्णाला 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, आणि केईएम हे त्यांपैकी एक केंद्र आहे. जनुकातली चूक एकदा सापडली की पुढच्या खेपेला गर्भावस्थेतच तपासणी करता येते.

पण या सगळ्याच्या आधी कुणीतरी आजीशेजारी बसायला हवं. तारखा तिच्या लक्षात नसतील. बारसं मात्र लक्षात असतं. “बारशाला पाळण्यात घातलं तेव्हा नाळ पडली होती का, आजी? की सव्वा महिन्याची न्हाणी झाली तरी तशीच होती?” ती आठवेल, कदाचित डोळे पुसेल, आणि सांगेल. मिटलेल्या त्या बोटाची माहिती आशाताईच्या वहीत उतरली, तर पुढचं बाळ परळला वेळेत पोहोचेल.