गळा आपला, आवाजही आपलाच

अमरावती-अकोल्याकडे भजनी मंडळ असो की ऑर्केस्ट्रा, नव्या गायकाची पहिली ओढ कुणासारखे तरी गाण्याची असते. नक्कल ही शिकण्याची पायरी आहे; पण तिथेच मुक्काम केला, तर गळा बसतो.

आवाज निघतो तो स्वरयंत्रातल्या दोन स्वरतंतूंच्या कंपनातून. बोलताना पुरुषांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा, स्त्रियांचे २०० वेळांच्या आसपास कंप पावतात. त्या आवाजाला रंग चढतो घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळ्यांमुळे. ही ठेवण प्रत्येकाची वेगळी. दुसऱ्याची पट्टी रोज ओढूनताणून धरली, की तंतू एकमेकांवर जोरात आदळतात, सुजतात. पुढे त्यांवर गाठी येतात.

कुमार गंधर्व (१९२४-१९९२) लहानपणी मोठ्या गवयांची गायकी हुबेहूब गात. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ मध्ये ते देवासला गेले. काही वर्षे गाणे बंद होते. अंथरुणावर माळव्याची लोकगीते कानी पडत. स्ट्रेप्टोमायसिनने जीव वाचला, पण एक फुप्फुस निकामी झाले. नंतर ते गायले ते छोट्या, धारदार स्वरवाक्यांत. ती गायकी कुणाचीच नक्कल नव्हती.

आजाराची वाट पाहू नये. पेटीवर आपली पट्टी आधी शोधावी. खर्रा, तंबाखू सोडावी, पाणी भरपूर प्यावे, गळा थकला की गप्प बसावे. आवाज तीन आठवड्यांहून अधिक घोगरा राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावेच.