नको असलेल्या टेलिफोनांचा उपद्रव

अनोळखी क्रमांकावरून आलेला टेलिफोन उचलूं नये, हा उपदेश आतां आपण सर्वांनीं पुष्कळदां ऐकला आहे. मुंबईच्या कचेरींत बसणाऱ्या गृहस्थाला तो पाळतांही येईल. परंतु मालवणच्या किनाऱ्यावर तो पाळणें म्हणजे आपल्याच पोटावर पाय देणें आहे. तारकर्ली, देवबाग या बाजूस ज्यांनीं घराच्या दोन-चार खोल्या पर्यटकांसाठीं राखल्या आहेत, त्यांचें गिऱ्हाईक पुण्याचें असो कीं बेळगांवचें, पहिल्या वेळीं तें अनोळखी क्रमांकावरूनच बोलतें. देवगडच्या बागाईतदाराकडे हापूसच्या पेट्यांची मागणी अशीच येते. तेव्हां घंटा वाजली कीं फोन उचलावाच लागतो. आणि उचलतांच पलीकडून एखादी मंजुळ आवाजाची बाई कर्जाची महती सांगूं लागते. तिला थांबवूं पाहावें तर ती थांबत नाहीं, कारण ती बाई नसून नुसतें ध्वनिमुद्रण असतें.

हा प्रकार चालतो कसा, तें आधीं पाहूं. संगणकाला हजारों क्रमांकांची यादी दिलेली असते. तो एकामागून एक क्रमांक आपोआप फिरवितो आणि पलीकडे कोणी बोललें कीं मुद्रित आवाज सोडतो, किंवा रिकाम्या बसलेल्या विक्रेत्याला जोडून देतो. कित्येकदां आपण 'हॅलो, हॅलो' म्हणत राहतों आणि पलीकडे शुकशुकाट असतो. यंत्रानें एकाच वेळीं अनेक घरांच्या घंटा वाजविलेल्या असतात व विक्रेता दुसऱ्याच कोणाशीं बोलण्यांत गुंतलेला असतो, हें त्याचें कारण. फोनचा खर्च आज इतका उतरला आहे कीं, हजारांत एखाददुसरें गिऱ्हाईक गळाला लागलें तरी धंदा परवडतो. बाकीच्यांचा गेलेला वेळ कोणाच्याच वहींत नोंदला जात नाहीं. 'फोन नको असल्यास नऊ दाबा' असें सांगितलें तरी दाबूं नये. दाबल्यानें या क्रमांकावर ऐकणारा मनुष्य आहे, एवढी खात्री मात्र त्यांना होते.

या उपद्रवाला आवर घालण्यासाठीं दूरसंचार नियामक प्राधिकरणानें, ज्याला सर्वत्र 'ट्राय' म्हणतात त्या संस्थेनें, २००७ सालीं पहिले नियम केले. सध्यांचे नियम २०१८ चे असून फेब्रुवारी २०२५ मध्यें ते अधिक कडक झाले. इतिहास एवढा पुरे. गृहस्थाच्या कामाची गोष्ट अशी कीं, इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' हा शब्द व त्यापुढें जागा सोडून शून्य, एवढा संदेश १९०९ या क्रमांकावर पाठविला कीं, जाहिराती नको असणाऱ्यांच्या नोंदींत आपला क्रमांक जातो. सर्वच बंद न करतां बँक-विमा, जमीनजुमला, शिक्षण, आरोग्य अशा वर्गांपैकीं हवा तो चालूही ठेवतां येतो. खोल्या भाड्यानें देणाऱ्यास साहजिकच शंका येईल कीं, यामुळें गिऱ्हाइकांचे फोन तर बंद होणार नाहींत ना? तसें मुळींच होत नाहीं. ही नोंद व्यापारी जाहिरातीला अडविते. खोली विचारणाऱ्या पर्यटकाला नाहीं, कीं बँकेच्या व्यवहारसंदेशाला नाहीं.

मात्र नोंद केली म्हणजे सगळे फोन थांबतील, असें समजूं नये. नियम पाळणाऱ्या विक्रेत्याला जाहिरातीसाठीं १४० नें सुरू होणारा क्रमांक दिलेला असतो. बँका व विमा-कंपन्या यांच्या सेवाविषयक फोनांसाठीं १६०० ही वेगळी मालिका आहे. तेव्हां १४० दिसला आणि उचलला नाहीं, तरी कोणतेंही गिऱ्हाईक हातचें जात नाहीं. खरी पीडा साध्या दहा आंकडी क्रमांकांची आहे. नोंदणी न करतां सामान्य माणसाचें सिमकार्ड घेऊन धंदा करणारे याच वेषांत येतात, आणि पर्यटकही याच वेषांत येतो. असा क्रमांक आपल्या मोबाईलपुरता अडवून ठेवण्यांत थोडें समाधान आहे, उपयोग फारसा नाहीं. उद्यां तीच मंडळी नव्या क्रमांकावरून बोलतात. उपयोग आहे तो गाऱ्हाण्याचा.

आम्हां सिंधुदुर्गवासीयांना गाऱ्हाणें घालण्यास शिकवावें लागत नाहीं. देवापुढें एकजण तें घालतो आणि भोंवतालचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ट्रायचे नियमही जवळजवळ तसेच बेतलेले आहेत. दहा दिवसांत पांच निरनिराळ्या लोकांच्या तक्रारी आल्या कीं अशा नोंदणीबाह्य विक्रेत्यावर कंपनीला कारवाई करावी लागते. पूर्वीं सात दिवसांत दहा तक्रारी लागत. पहिल्या अपराधाला त्याचे बाहेर जाणारे सर्व फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हां तेंच केल्यास सर्व कंपन्यांकडील त्याच्या जोडण्या वर्षभर तोडल्या जातात. म्हणून फोन आल्यापासून सात दिवसांच्या आंत तो क्रमांक, तारीख व जाहिरात कशाची होती, हें १९०९ ला कळवावें. नोंद आधीं केलेली नसली तरी नोंदणीबाह्य विक्रेत्याविरुद्ध तक्रार चालते. वाडींतील पांच घरांना एकाच क्रमांकाचा त्रास झाला असेल, तर पांचही घरांनीं कळवावें. शेजाऱ्यानें कळविलें आहे म्हणून स्वस्थ बसूं नये.

येथवर उपद्रवाविषयीं झालें. लबाडी ही निराळी गोष्ट आहे, आणि तिच्यापुढें १९०९ अपुरा पडतो. 'मी लष्करांतला अधिकारी, आमचीं माणसें येणार आहेत, चार खोल्या ठेवा, आगाऊ रक्कम आतांच पाठवितों,' असें सांगून मालकाला एक क्यूआर कोड पाठवितात आणि त्यावर यूपीआयचा गुप्त आंकडा घालावयास लावतात. पैसे घेण्यासाठीं हा आंकडा कधींही घालावा लागत नाहीं. तो घातला कीं पैसे जातात. दुसरी लबाडी 'डिजिटल अटक' या नांवाची. पोलीस असल्याचें भासवून माणसाला तासन्‌तास फोनवर अडकवून ठेवावयाचें व रक्कम उकळावयाची. अशी अटक कोणत्याही कायद्यांत नाहीं. यंत्राला आतां माणसाच्या आवाजाची नक्कलही साधते. अमेरिकेंत जानेवारी २०२४ मध्यें अध्यक्ष बायडन यांच्या बनावट आवाजाचे फोन न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना गेले होते.

ज्या श्रोत्यांचे आईवडील मालवण-वेंगुर्ल्यास घरीं एकटे असतात, त्यांनीं याचा विशेष विचार करावा. आपल्याकडील वडीलधाऱ्या माणसांना कोणी बोलत असतां मध्येंच फोन ठेवणें अपमानाचें वाटतें. त्या सौजन्याचाच हे लोक फायदा घेतात. 'अनोळखी माणसानें पैशाचें नांव काढलें कीं बोलणें अर्धें टाकून फोन ठेवा, त्यांत कोणाचा अवमान नाहीं,' असें मुलांनींच त्यांना स्पष्ट सांगावें. मुलाच्या आवाजांत कोणी पैसे मागितले तरी फोन ठेवून मुलाच्या नेहमींच्या क्रमांकावर उलट विचारावें. संशय आला पण पैसे गेलेले नाहींत, तर सरकारच्या 'संचार साथी'वरील 'चक्षु' या सोयींत तो क्रमांक कळवितां येतो. पैसे गेलेच, तर लाजेनें रात्र काढूं नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वीं कळलें तर ती तेथेंच गोठवितां येते. येत्या रविवारीं घरीं फोन कराल तेव्हां १९०९ आणि १९३० हे दोन क्रमांक भिंतीवरच्या कालनिर्णयावर, चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या आंकड्यांत, लिहून ठेवावयास सांगा.