बदलापूरच्या चतुराची सागरी वारी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला समुद्र नाही. पण राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांतून येणारी उल्हास नदी इथूनच पुढे जाते आणि कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यापाशी तिची खाडी होते. म्हणजे बदलापूरच्या नदीकाठची सकाळची फेरी ही किनाऱ्याची पहिली पायरीच!

पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात काठावर पाहुणे उतरू लागतात. दगडादगडांवर शेपटी हलवत फिरणारा, पोटाकडे पिवळा करडा धोबी हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येतो. ओल्या चिखलात मागचा भाग सतत खालीवर करणारा छोटा पक्षी दिसला तर तो तुतवार. खंड्या मात्र इथलाच, बारमाही.

खरा नायक वेगळाच आहे. गवतावर थव्याने तरंगणारे पिवळसर चतुर बहुतेकांना दिसतात, पण कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. ‘पँटाला फ्लेव्हेसन्स’ हे त्यांचं शास्त्रीय नाव, लांबी जेमतेम पाच सेंटिमीटर. पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत त्यांची पिल्लं झपाट्याने वाढतात.

ऑक्टोबरात हेच चतुर मालदीवमध्ये लाखोंनी प्रकटतात. तिथे राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 साली मांडलं, की ते भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिका गाठतात. अर्थात बदलापूरचा नेमका कोणता चतुर तिथे पोहोचतो, हे कोण सांगणार?

फ्लेमिंगोंसाठी ठाणे खाडी गाठायची तर हिवाळ्यापर्यंत थांबा. तोवर सकाळी लवकर नदीकाठी जा, आणि जे दिसेल त्याची तारखेसह नोंद ठेवा.