जिरो फिनेस्त्रेवर नाही, दरीत फिरली

1 जून 2025 रोजी रोममध्ये सायमन येट्सनं जिरो द'इटालिया या इटलीतल्या सायकल शर्यतीचा चषक उचलला आणि जगभरच्या क्रीडापानांवर एकच कथा गाजली. 2018 मध्ये तेरा दिवस एकूण आघाडीची गुलाबी जर्सी मिरवलेला हा इंग्लिश सायकलपटू कोले देल्ले फिनेस्त्रेच्या घाटात कोसळला, त्या एका दिवसात 38 मिनिटांहून अधिक वेळ गमावून बसला आणि सात वर्षांनी त्याच घाटात त्यानं ती जर्सी परत मिळवली. कथा खरी आहे, सुंदरही आहे. पण तिच्या झगमगाटात 31 मे रोजी नेमकं घडलं काय, हे झाकलं गेलं. माझ्या मते त्या दिवसाचा खरा शिल्पकार येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट आहे.

त्या दिवशी, विसाव्या टप्प्याच्या सकाळी मेक्सिकोचा 21 वर्षांचा इसाक देल तोरो आघाडीवर होता. इक्वेडोरचा रिचर्ड कारापाझ 43 सेकंद मागे, येट्स 1 मिनिट 21 सेकंद मागे. समोर फिनेस्त्रे: साडेअठरा किलोमीटर, सरासरी चढ नऊ टक्क्यांहून जास्त, शेवटचे आठ किलोमीटर खडीचे. चढणीची एकूण उंची सुमारे 1700 मीटर, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून निघून थेट कळसूबाईच्या माथ्याच्याही वर.

इतक्या उभ्या चढणीवर वेग कमी असतो, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्याचा फायदा फारसा होत नाही. ज्याच्या पायात ताकद, तो पुढे. कारापाझनं पायथ्यालाच झेप घेतली, देल तोरो त्याला चिकटला. येट्स मागून येऊन दोघांना गाठून पुढे निसटला. माथ्यावर त्याच्याकडे दोन मिनिटांहून कमी आघाडी होती. गुलाबी जर्सी कागदावर त्याची झाली होती, पण जेमतेम.

पुढे दरीत नेणारा उतार आणि मग शेवटच्या रेषेपर्यंत, म्हणजे सेस्त्रिएरेपर्यंतचा सौम्य चढ. इथे वेग वाढतो आणि वारा हाच मुख्य शत्रू होतो. एकट्या येट्सला दोघांनी आळीपाळीनं पुढे राहून गाठणं अगदी शक्य होतं. आणि इथेच व्हान आर्ट थांबला होता. सकाळीच पुढे निसटलेल्या तुकडीत येट्सच्या व्हिस्मा संघानं त्याला मुद्दाम पाठवलं होतं. स्वतः टप्पे जिंकणारा, याच जिरोत सिएनामध्ये देल तोरोला मागे टाकणारा हा बेल्जियन टप्प्याची आशा सोडून सहकाऱ्यासाठी थांबला आणि दरीभर जीव तोडून त्याच्यापुढे वारा कापत राहिला.

मागे दोघं एकमेकांकडे बघत बसले. आपण ओढत राहिलो तर मागचा ताजातवाना राहून शेवटी आपल्यालाच मारेल, ही भीती दोघांनाही होती. कारापाझचं मला समजतं; तो दुसरा होता, पाठलागाची जबाबदारी जर्सीवाल्याची. देल तोरोनं मात्र चुकीच्या प्रतिस्पर्ध्यावर नजर ठेवली. तरी सगळा दोष त्या पोराच्या माथी मारणं मला पटत नाही. त्याच्या यूएई संघाकडे या जिरोतला सर्वांत भरभक्कम ताफा होता, सायमनचा जुळा भाऊ अ‍ॅडम येट्ससुद्धा त्यातच. तरी निर्णायक क्षणी देल तोरोच्या पुढे ओढायला कोणी नव्हतं. एखादा मोठा साथीदार सकाळी पुढे पाठवून ठेवला असता, तर दरीतलं चित्र वेगळं दिसलं असतं. आणि कारापाझचं चाक सोडून येट्सचा पाठलाग कर, हे एकवीस वर्षांच्या मुलाला ठणकावून सांगणं संघाच्या गाडीतल्या अनुभवी माणसांचं काम होतं.

टप्पा ऑस्ट्रेलियाच्या ख्रिस हार्परनं जिंकला, येट्स तिसरा आला. देल तोरो आणि कारापाझ येट्सच्या पाच मिनिटांहून जास्त मागे पोहोचले. येट्स आणि देल तोरो यांच्यातला अंतिम फरक 3 मिनिटं 56 सेकंद.

टूर द फ्रान्सच्या डोंगरी टप्प्यांमध्ये शेवटच्या घाटाआधी टीव्ही लावणाऱ्यांना माझी विनंती: थोडं आधी लावा, आणि सकाळच्या तुकडीत कोणत्या संघानं कोणाला पेरलं आहे, ते बघून ठेवा.