ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची धुलाई आणि मेण-पॉलिश



ट्रॅक्टरचं ऑइल, एअर फिल्टर, रेडिएटरचं पाणी याकडे आपलं लक्ष असतं. पण मागे जोडलेल्या ट्रॉलीकडे कोण बघतो? ऊस, शेणखत, मुरूम, खताची पोती, सोयाबीनची रास, कडबा, सगळं तिनंच वाहायचं आणि अंगावर पाणी पडायचं ते वर्षातून एकदा, खंडेनवमीला. हार घातला, कुंकू लावलं की पुढच्या दसऱ्यापर्यंत सुट्टी! मग चार-पाच वर्षांत तळाच्या पत्र्याला चाळण होते, रास वाटेत सांडू लागते आणि पत्रा बदलायचा खर्च समोर उभा राहतो. यातला बराच खर्च टाळता येतो. त्यासाठी साबण, पाणी, थोडा रंग आणि एक मेणाची डबी एवढंच साहित्य लागतं.

गंज का चढतो?

लोखंडाला ओल आणि हवा दोन्ही मिळाली की गंज धरतो, हे आपल्याला ठाऊक आहेच. पण ट्रॉलीला साध्या ओलीपेक्षा तिच्यात जे वाहिलं जातं त्याचा त्रास जास्त. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाच्याच जातीचा क्षार. फाटक्या पोत्यातून सांडलेले त्याचे दाणे कोपऱ्यात राहिले आणि त्यांना ओल मिळाली की तिथला गंज भराभर वाढतो. युरिया तर पावसाळी हवेतली ओल स्वतःच ओढून घेतो; पाऊस पडला नाही तरी पत्रा त्या जागी ओला राहतो. उसाचा रस मुळात थोडा आम्लधर्मी, आणि आंबला की जास्तच. शिवाय तो चिकट, त्यामुळे धूळ धरून ठेवतो. शेणखताचा थर पत्र्यावर ओल्या पोतेऱ्यासारखा बसतो. कोकण किनारपट्टीवर आणि गोव्यात खाऱ्या हवेची भर पडते ती वेगळीच.

यावरून एक नियम ठरवून टाकावा. खत किंवा शेणखत वाहिलं की त्याच संध्याकाळी ट्रॉली कोरडी झाडून काढावी आणि कोपरे पाण्याने धुवावेत. पूर्ण धुलाई मात्र वर्षातून दोनदा पुरे: एक गळीत हंगाम संपल्यावर एप्रिल-मे महिन्यात, आणि दुसरी पाऊस उघडल्यावर, ऊस सुरू व्हायच्या आधी. रंगकाम आणि मेण पहिल्या वेळीच करावे, कारण तेव्हा हवा कोरडी असते आणि पुढचे चार महिने ट्रॉलीला पाऊस खायचा असतो.

धुवायची जागा आणि पाणी

ट्रॉली विहिरीजवळ, ओढ्यात किंवा जनावरांच्या हौदाशेजारी धुऊ नये. फवारणीचे ड्रम आणि औषधाचे डबे याच ट्रॉलीतून जातात. सांडलेलं औषध धुण्याच्या पाण्यातून विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. पाणवठ्यापासून लांब, जमीन पाणी पिऊन घेईल अशी पडीक जागा निवडावी. औषध सांडलं असेल तर हातमोजे घालूनच काम करावं, आणि नीट धुतल्याशिवाय त्या ट्रॉलीत कडबा किंवा धान्य मुळीच भरू नये.

पाण्याचाही विचार करावा लागतो. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारं. त्या पाण्याने धुऊन ट्रॉली तशीच वाळू दिली तर क्षार पत्र्यावरच राहतात. धुतली नसती तर बरं, अशी गत होते. अशा ठिकाणी घासायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा आणि कापडाने पुसून घ्यावे. जड पाण्याचे पांढरे डाग पडले असतील तर व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून फडक्याने पुसावे आणि लगेच साध्या पाण्याने धुवावे.

जिथं पाण्याची टंचाई आहे तिथं आधी लाकडी पट्टीने आणि खराट्याने जेवढा निघेल तेवढा चिखल कोरडाच काढावा. मग दोनशे लिटरच्या एका ड्रममध्ये काम भागवता येतं.

धुण्याची पद्धत

ट्रॉली सावलीत उभी करावी. तापलेल्या पत्र्यावर साबणाचं पाणी वाळतं आणि त्याचे ओघळ तसेच बसतात. चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडली असेल तर दांडीखाली भक्कम ठोकळा द्यावा.

डंपिंगची ट्रॉली असेल तर जरा थांबून ऐका. खालचा भाग धुवायला हौदा वर उचलावा लागतो. तो नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर ठेवून कोणीही खाली वाकू नये. पाइप फुटला किंवा पोराने गंमत म्हणून लिव्हर हलवला की हौदा क्षणात खाली येतो, आणि खालचा माणूस वाचत नाही. उचलण्याआधी हौदा रिकामा करावा, ट्रॉली सपाट जागेवर असावी, आणि हौदा व चेसीस यांच्यामध्ये मजबूत लोखंडी टेकू लावावा. ट्रॅक्टर बंद करून किल्ली खिशात घालावी. मगच खाली जायचं.

आता पाणी मारावं ते वरून खाली. पहिल्या पाण्याने चिखल भिजू द्यावा, घासू नये. चिखलातली वाळू फडक्याखाली आली की रंगावर ओरखडे ओढते, आणि प्रत्येक ओरखड्यात उद्याचा गंज असतो. चिखल सुटल्यावर साबणाचा हात फिरवावा. धुण्याचा सोडा आणि कपड्यांची कडक पावडर वापरू नये; त्याने रंगाची चमक जाते आणि मेणाचा थर निघून जातो. भांड्यांचा सौम्य साबण किंवा गाडीचा शाम्पू चांगला. तोही नको असेल तर मूठ-दीड मूठ रिठे रात्रभर बादलीत भिजत घालून सकाळी चोळून, गाळून घ्यावेत. रिठ्याचा फेस उत्तम काम करतो, फक्त डोळ्यांत जाऊ देऊ नये. बादल्या दोन ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळायची.

ग्रीसचे काळे डाग रॉकेलच्या फडक्याने निघतात, पण तेवढ्याच जागी. काही जण हौसेने सगळी ट्रॉली डिझेलने पुसतात, टायरसुद्धा! डिझेल-रॉकेलने रबर फुगतं आणि खराब होतं. टायरला साबण-पाणी पुरे.

सर्व्हिसिंग सेंटरवरचा प्रेशरचा पंप वेळ वाचवतो, यात शंका नाही. मात्र फवारा पत्र्यापासून दीडएक फूट लांब धरावा आणि चाकाच्या बेअरिंगवर, दिव्यांवर, वायरच्या जोडांवर सरळ मारू नये. पाणी सीलमधून आत गेलं की बेअरिंग गंजतं. धुऊन झाल्यावर प्रत्येक निप्पलला ग्रीस पंप मारावा. जुनं ग्रीस आणि आत शिरलेलं पाणी बाहेर पडेपर्यंत मारत राहावं.

तळाचा पत्रा जिथं अँगलला मिळतो त्या सांधी खिळ्याने किंवा पत्रीने उकरून साफ कराव्यात. फाळक्याच्या बिजागऱ्या, कोपरे आणि चॅनेलच्या पोकळ्या इथं माती घट्ट बसलेली असते. बऱ्याच ट्रॉल्यांचं मरण याच सांध्यांत असतं. वाळवताना ट्रॉलीचा फाळका उघडा टाकून मागची बाजू थोडी उतारावर ठेवावी, म्हणजे पाणी साचत नाही.

धुता धुता काय पाहावे

खरं सांगायचं तर धुण्याचा सगळ्यात मोठा फायदा चमक हा नाही. चिखलाखाली काय चाललंय ते धुतल्यावरच दिसतं. दांडीचा हूक आणि दांडी चेसीसला जिथं वेल्डिंगने जोडली आहे ती जागा फडक्याने स्वच्छ पुसून उन्हात निरखून पाहावी. रंगावर केसाएवढी बारीक, तांबूस रेघ दिसली तर तो डाग समजून सोडून देऊ नका. लोखंडाला तडा गेला की आतून गंज बाहेर झिरपतो आणि अशी रेघ उमटते. भरल्या उसाची ट्रॉली चढावर अशा तड्यातून तुटून सुटली तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको. रेघ दिसली की ट्रॉली जागेवर थांबवावी आणि चांगल्या वेल्डरला दाखवावी. त्या रेघेवरून नुसता रंग फिरवणं हा माझ्या मते गुन्हाच आहे.

हुकाची पिन झिजून बारीक झाली आहे का, तिची क्लिप जागेवर आहे का, पाट्यांमधलं एखादं पान मोडलं आहे का, चाकाचे नट सैल आहेत का, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावं.

गंज काढणे व रंग

गंजलेली जागा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं पडेपर्यंत साफ करावी. धूळ पुसून थिनरचा हात द्यावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साईड प्रायमर लावावा. उघडं लोखंड रात्रभर ठेवलं तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस पदर आलेला असतो. प्रायमर पूर्ण वाळल्यावर इनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. एक जाड हात वरून वाळतो, आतून ओला राहतो. वेल्डिंग केलं असेल तर पत्र्याची मागची बाजूही बघावी. उष्णतेने तिथला रंगही जळलेला असतो, आणि तो कोणी लावत नाही.

तळाला जळकं काळं ऑइल चोपडण्याची पद्धत गावोगाव आहे. ती सोडावी. इंजिनमध्ये जळलेल्या तेलात अपायकारक घटक आणि आम्ल असतं. ते हातावाटे अंगाला लागतं, जमिनीत उतरतं, आणि त्याच तळावर आपण धान्य आणि कडबा भरतो. बाहेरच्या बिजागऱ्यांना, पिनांना नवं ऑइल किंवा ग्रीस लावावं.

मेण कशाला आणि कसे

मेण गंज बरा करत नाही, हे आधी लक्षात घ्यावं. गंजावर मेण लावलं तर ओल आत कोंडली जाते. चांगल्या रंगावर मात्र मेणाचा पातळ पदर बसला की पाणी, चिकट रस आणि चिखल रंगाला भिडत नाही आणि पुढची धुलाई निम्म्या कष्टात होते. हौद्याच्या आत मेण लावण्यात अर्थ नाही, माल भरताना ते घासून जातं. बाहेरच्या बाजू, फाळका आणि दांडी एवढ्यालाच लावावं.

आधी रंगावर बोट घासून पाहा. बोटाला खडूसारखी पावडर लागली तर उन्हाने रंगाचा वरचा पदर मेला आहे. तो रबिंग कंपाउंडने हलक्या हाताने काढून, पुसून मगच मेण लावायचं. नव्या रंगावर घाई करू नये; इनॅमल आतपर्यंत पक्कं व्हायला महिनाभर द्यावा.

बाजारातल्या गाडीच्या मेणात बहुधा कार्नोबा मेण असतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, म्हणून उन्हात टिकतं. घरी करायचं असेल तर १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण किसून भांड्यात घ्यावं, ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मेण वितळवावं, चुलीपासून दूर मोकळ्या हवेत आणावं आणि मगच २५० मिलिलिटर टर्पेंटाइन हलवत हलवत मिसळावं. टर्पेंटाइन विस्तवाजवळ नेऊ नये, चटकन पेट घेतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. उन्हाळ्यात दिवसभर उभ्या ट्रॉलीवर ते मऊ पडून धूळ धरतं. म्हणून घरचं मेण सावलीत, शेडमध्ये राहणाऱ्या ट्रॉलीला ठीक, उघड्यावरच्या ट्रॉलीला बाजारचं बरं.

ट्रॉली पूर्ण कोरडी आणि पत्रा थंड असताना, एका वेळी दोन बाय दोन फुटांचा तुकडा घेऊन मऊ फडक्याने अगदी पातळ लावावं. जाड थराने काम वाढतं, टिकाऊपणा वाढत नाही. दहा-पंधरा मिनिटांत धुरकट पदर दिसला की दुसऱ्या कोरड्या सुती फडक्याने, जुनं धोतर किंवा लुगडं असेल तर उत्तम, चोळून चमक काढावी. पुढे पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळत आहेत तोवर मेण शाबूत आहे. पाणी सपाट पसरू लागलं की पुन्हा हात द्यायची वेळ आली.

रिफ्लेक्टर

रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांना मेण, रंग, थिनर, रॉकेल काहीही लावू नये. साबणाच्या पाण्याने धुवाव्यात आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. पट्टीचे रंग ठरलेले आहेत: पुढून पांढरी, बाजूने पिवळी, मागून लाल. रंगकाम करताना पट्टीवर ब्रश फिरला असेल किंवा पट्टी फाटली असेल तर नवी लावावी. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असतात, आणि उसाचे वाढे मागे लोंबून नेमकी लाल पट्टीच झाकतात. मागे बांधलेलं लाल फडकं अंधारात कुणाला दिसत नाही. ट्रॉली भरल्यावर मागे वीस-पंचवीस पावलं चालत जाऊन बॅटरीचा उजेड टाकावा. दोन्ही टोकांची लाल पट्टी चमकली नाही, तर वाढे छाटूनच गाडी हलवावी.